मधल्या कॅपची खूण

मुलीने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली आणि तान्हं मूल ठेवावं तशी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. टॉवेल सोडला तेव्हा आत कमानीच्या आकाराचा लोखंडी तुकडा निघाला, तळहाताएवढा. कमानीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या धातूचं अस्तर होतं. ते एका अंगाने वितळून ओघळलं होतं.

"हे माझ्या वडिलांच्या हातून झालं का, एवढंच मला सांगा," ती म्हणाली.

बाईंनी तुकडा उचलला नाही. आधी मुलीकडे पाहिलं. "झालं असलं तर?"

"तर तसं सांगा. मी ऐकून घेईन."

खिडकीपाशी पेन्सिलीला टोक काढत बसलेल्या मास्तरांना ते उत्तर आवडलं. बहुतेक लोक बाईंकडे यायचे ते उत्तर खिशात घालूनच. बाईंनी फक्त शिक्का मारायचा. बाई तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होत्या. दुकानदारांचे काटे तपासता तपासता निवृत्त झाल्या आणि मग माणसांचे तपासू लागल्या. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. आता बाईंबरोबर फिरून, त्या दाखवतील ते कागदावर उतरवत. आपण काय काढतोय ते मास्तरांना सहसा शेवटी कळे, आणि बाई त्यांना ते कधी विसरू देत नसत.

"बसा आणि पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या. "मास्तरांना कळेल असं."

मुलगी बसली. चाळिशीच्या आसपासची असावी. बोलणं मोजकं होतं.

"बाबा जुन्या गाड्यांची इंजिनं बांधायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या आजोबांची उघडी गाडी आहे, छोटी, चार सिलेंडरची. तिचं मूळचं इंजिन फुटलं. त्या जातीच्या ब्लॉकला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मधे तडा जातोच, असं बाबा म्हणायचे. मग तीन इंजिनं जमवली. एक त्याच जातीचं. त्यालाही तडा निघाला. एक बरंच नवं, ताकदीचं. डॉक्टरांना तेच हवं होतं. तिसरं त्याच कंपनीच्या सामानाच्या छोट्या व्हॅनचं. दिसायला मूळच्या इंजिनाचा सख्खा भाऊ, गिअरबॉक्सची भोकंसुद्धा जुळणारी. पळायला संथ. बाबांनी ते घेतलं."

"आणि हा तुकडा?"

"इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा असतो, क्रँक. पिस्टन त्याला फिरवतात. तो तीन कॅपांनी ब्लॉकला धरलेला असतो. ही त्यातली मधली कॅप. ही उलटी बसवलेली निघाली, डावी बाजू उजवीकडे. बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. डॉक्टर होते, बाबांचे भागीदार होते, क्रँक घासून देणारे टर्नर होते. चार मिनिटं चाललं. मग आत काहीतरी किंचाळलं आणि जॅम झालं."

तिने टॉवेलाची घडी घातली.

"सगळे म्हणाले, म्हातारा थकला होता, हात थरथरायचा. थरथरायचा हे खरंच आहे. मीच त्यांना म्हटलं होतं, बाबा, आता पुरे करा."

"मग तुम्हाला शंका का आली?"

"शेवटून दुसऱ्या रविवारी मी गेले होते. तिन्ही कॅपा आवळून झाल्या होत्या, पिस्टन अजून बसवायचे होते. बाबा म्हणाले, खारू, फिरव. मला खारू म्हणायचे. मी क्रँकला बोट लावलं. एक बोट. तो फिरला, आणि बोट काढल्यावरही फिरत राहिला." तिने आपलं बोट पाहिलं आणि पदराआड घेतलं. "टर्नर म्हणतात, तेव्हा फिरला असेल, पण नंतर मिस्त्रींनी पुन्हा उघडलं असेल. असेलही. पुढच्या रविवारी बाबांनी खालचं तेलाचं चेंबर लावून इंजिन बंद केलं. सोमवारी सकाळी ते पडले, हॉस्पिटलात ठेवलं. शुक्रवारी दुपारी गेले."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"मीच. भागीदार काकांना मी फोन केला. आपण कुठे आहोत ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वीस मिनिटांत आले, पण दारातच थांबले. बाबांना हातसुद्धा लावला नाही. त्यांच्या बोटांची टोकं निळी होती, शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी. ती मुठीत लपवून उभे होते. असल्या वेळी नको ते लक्षात राहतं बघा."

मास्तरांनी मान हलवली. त्यांची बायको गेली तेव्हा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर एक महिना मागे होतं. ते त्यांना अजून दिसे.

"घाई कशाची आहे?" बाईंनी विचारलं. "घाई आहे म्हणूनच तुम्ही हे ओझं उचलून आलात."

"जुन्या गाड्यांच्या क्लबचं पत्रक निघतं. डॉक्टरांनी त्यात पत्र दिलंय, मिस्त्रींच्या हातच्या इंजिनांवर विसंबू नका म्हणून. ते शनिवारी छापायला जाईल. बाबांच्या हातची चाळीसेक इंजिनं रस्त्यावर आहेत."

"लोक उघडून बघतील, आणि चांगलीच निघतील," मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले.

"लोकांचं नंतर बघू," मुलगी शांतपणे म्हणाली. "मला स्वतःला माहीत नाहीये, मास्तर. मी त्यांना पुरे करा म्हटलं ते बरोबर होतं की नाही, तेच मला माहीत नाहीये."

तो बुधवार होता.

*

गॅरेज लांबट आणि स्वच्छ होतं. पाने भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले, शाळेच्या रांगेसारखे. वर चेनकप्पी, खाली पंक्चरलेल्या चाकांवर टेकलेली डॉक्टरांची गाडी, बॉनेट उघडं आणि आत पोकळी. भिंतीवर खडूने एक वाक्य लिहिलेलं होतं: वापरलेली पत्ती म्हणजे कचरा.

भागीदार पासष्टीचे, रुंद खांद्यांचे होते. त्यांनी स्टूल पुसून बाईंना दिलं आणि मुलीला म्हणाले, "बाळ, कशाला उकरतेस? गेला तो. चांगला गेला."

"काका, चांगले गेले की चूक करून गेले?"

भागीदार इंजिनाकडे वळले.

इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं, पोट वर करून. बाजूच्या टेबलावर पत्र्याचं चेंबर आणि ट्रेमध्ये सुटे भाग. बाईंनी ट्रेमधून तीन पातळ पत्र्याच्या पट्ट्या उचलल्या.

"या पत्त्या," भागीदार म्हणाले. "प्रत्येक कॅपच्या बोल्टखाली एक. बोल्ट आवळला की पत्तीचा कान वर मुडपायचा, म्हणजे बोल्ट सैल होत नाही. कान एकदा मुडपला की त्याचा जीव गेला. उघडलं की पत्ती नवीन."

"म्हणून भिंतीवर लिहिलंय."

"त्याने लिहिलंय. मलाच उद्देशून, तीस वर्षांपूर्वी." भागीदार किंचित हसले. "तेव्हापासून मी एकही वापरली नाही."

"मास्तर, या तिन्ही काढा. जशा आहेत तशा."

मास्तरांनी काढल्या. डोळे अजून चांगले होते त्यांचे. दोन पत्त्यांच्या कानावर घडीची एकेक रेघ होती. मधल्या कॅपच्या पत्तीवर दोन होत्या, अगदी शेजारी शेजारी. त्यांनी दोन्ही काढल्या आणि पुढे गेले.

चेंबरच्या काठाला तपकिरी जाड कागदाचं पॅकिंग चिकटलेलं होतं. तेल बाहेर गळू नये म्हणून दोन भागांच्या मधे घालतात ते. बाईंनी ते नखाने अलगद सोडवलं.

"पॅकिंग बाजारचं की घरचं?"

"घरचं," मुलगी म्हणाली. "दोघेही हातानेच कापतात. बाबा त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहायचेच, आतल्या अंगाला. लहानपणी मला वाटायचं, इंजिनाला पत्र लिहितात."

"पत्रच ते," भागीदार म्हणाले. "पुढे जो कोणी उघडेल त्याला."

बाईंनी दाखवा म्हटल्यावर मुलीने ट्रेमधली दोन पॅकिंगं काढली. वॉटर पंपाच्या पॅकिंगवर बारीक, थोडं हललेलं अक्षर होतं: *इथे गळेलसं वाटतं. गळलं तर शिव्या मला.* पुढच्या झाकणाच्या पॅकिंगवर तारीख आणि: *हातोडी लांब ठेवा.* मास्तरांना हसू आलं, आणि मुलीचा चेहरा पाहून ते त्यांनी आवरलं.

चेंबरचं पॅकिंग बाईंनी दोन्ही बाजूंनी उजेडात धरलं. कापणी सुरेख, भोकं नेमकी. अक्षर एकही नाही.

"शेवटी शेवटी हात फारच हलायचा," भागीदार खाली बघत म्हणाले. "नसेल लिहिलं."

मास्तर पॅकिंगचं चित्र काढत होते. एका कोपऱ्यावर डाग होता, अंगठ्याएवढा, फिकट. त्यांनी रंगपेटीतून पेन्सिल शोधली. "प्रशियन निळा," ते स्वतःशीच पुटपुटले. शाळेत हा रंग मुलं सगळ्यात आधी संपवत.

"चेंबर मिस्त्रींनी कधी लावलं?"

"रविवारी. मी समोर होतो. सोमवारी तो पडला, मी शटर ओढलं, ते इंजिन सुरू करायच्या दिवशी सकाळीच वर केलं. मधे मी इथे पाऊल टाकलेलं नाही."

"किल्ली?"

"मीटरच्या पेटीवर असते. डॉक्टरांना ठाऊक आहे, टर्नरला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे."

बाई उठल्या. जाताना टेबलाच्या खणाला त्यांचा हात लागला. खण बंद होता, कुलूप लावलेलं. साऱ्या गॅरेजमध्ये कुलूप असलेली ती एकच जागा होती.

"त्याच्या वस्तू आहेत," भागीदार घाईने म्हणाले. "चष्मा वगैरे."

*

टर्नरचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. लेथ चालू होता आणि टर्नर त्याच्याइतक्याच मोठ्याने बोलत होता.

"माझ्याकडे बोट दाखवू नका, आधीच सांगतो. मी तिन्ही कॅपा ब्लॉकला आवळून, एका सरळ रेषेत, एका पात्याने आतून कोरल्यात, बोअर केल्यात. म्हणूनच कॅप उलटी चालत नाही! दिसायला दोन्हीकडून सारखी, पण उलटी केली की केसभर फरक पडतो, आणि तो केस क्रँकचा गळा धरतो."

"उलटी-सुलटी ओळखायची कशी?"

"खूण असते. पंचाने मारलेला ठिपका. डॉक्टरांच्या गाडीच्या मूळच्या इंजिनात ठिपका कॅमशाफ्टच्या बाजूला येतो. या व्हॅनच्या इंजिनात विरुद्ध बाजूला. ओतलंय वेगळ्या कारखान्यात, त्यांची रीत वेगळी. मी मिस्त्रींना मुद्दाम बजावलं. मला म्हणाले, 'तू मला शिकवतोस?'" टर्नरने लेथ बंद केला आणि आवाज एकदम खाली आला. "आता ऐकून वाईट वाटतं. पण त्या जुन्या जातीची इंजिनं जन्मभर बांधली त्यांनी. हात सवयीने गेला असेल. तुमचा-माझा गेला नसता. ज्याच्या हाताला ती सवय आहे, त्याचाच जाणार."

मुलगी दारात उभी होती. ती बाहेर रस्त्याकडे बघू लागली.

मास्तरांचं लक्ष मात्र टर्नरच्या बोटांकडे होतं. बोटं निळी होती.

"हे काय लागलंय?" त्यांनी चलाखीने विचारलं.

"हे? निळा रंग. दांड्याला अगदी पातळ लावायचा, कॅप आवळायची, अर्धा फेरा द्यायचा, उघडायची. जिथे टेकतं तिथे निळं उमटतं. बेअरिंग, म्हणजे कॅपचं अस्तर, नीट बसलंय का ते कळतं. आठ-आठ दिवस बोटांवरून जात नाही, बायको जेवायला वेगळं ताट देते."

"जॅम झाल्यावर इंजिन उघडलं कोणी?" बाईंनी विचारलं.

"मीच. तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत. ठिपका चुकीच्या बाजूला, सगळ्यांनी पाहिला."

बाहेर आल्यावर मास्तर कुजबुजले, "बाई, निळी बोटं! पॅकिंगवरही निळा डाग आहे. त्याचं बोअरिंग चुकलं होतं, ते झाकायला..."

"मास्तर, बोअरिंग चुकलं असतं तर एका बोटाने क्रँक फिरला असता का?"



*

दातांच्या डॉक्टरांनी त्यांना दोन रुग्णांच्या मधे बसवून घेतलं. उजव्या मनगटाला पट्टा होता.

"त्या हँडलची कृपा," ते म्हणाले. "इंजिन सुरू करायला हँडल मारत होतो, मला हललंच नाही. शेवटी टर्नर आणि भागीदार दोघे लागले. मी म्हटलं, इतकं जड? भागीदार म्हणाले, नवीन बांधलेलं इंजिन जड असतंच."

"तुम्हाला मोठं इंजिन हवं होतं, ते मिळालं नाही."

"भांडलो मी मिस्त्रींशी. मला म्हणाले, 'या गाडीच्या स्प्रिंगा त्या वजनाने बसतील, स्टिअरिंग वळणार नाही. एका दातापायी तुम्ही जबडा बदलता का हो?'" डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "बरोबर होतं त्यांचं. चार मिनिटं काय आवाज होता! आजोबांच्या मागे बसल्यासारखं वाटलं. म्हणून तर राग आला. माझा त्या माणसावर विश्वास होता, बाई."

"मधल्या तीन आठवड्यांत तुम्ही गॅरेजमध्ये गेलात?"

"एकदा. मडगार्डचा रंग बघायला. इंजिनाला हात लावायची माझी प्राज्ञा नाही. साधं पॅकिंग म्हणजे काय तेही मला इंजिन जॅम झालं त्या दिवशी कळलं."

"पत्र शनिवारी जाणार ना? मग शनिवारी सकाळी दहाला गॅरेजवर या," बाई म्हणाल्या. "पत्र बरोबर आणा."

*

शनिवारी शटर अर्धं उघडं होतं आणि फरशीवर उन्हाचा पट्टा पडला होता. डॉक्टर गाडीला टेकून उभे, टर्नर हात मागे बांधून, मुलगी वडिलांच्या स्टुलावर. भागीदार टेबलापाशी, खणाच्या पुढे. मास्तरांनी आपली चित्रं पान्यांच्या खाली खिळ्यांना लावली होती.

बाई उभ्यानेच बोलू लागल्या.

"प्रश्न एकच आहे. ही कॅप मिस्त्रींनी उलटी बसवली का. त्या रविवारी क्रँक एका बोटाने फिरला, म्हणजे तेव्हा कॅप सुलटी होती. उलटी असती तर तो दोन माणसांनाही भारी गेला असता, जसा पुढे डॉक्टरांच्या मनगटाला गेला. म्हणजे त्या रविवारनंतर ती कॅप कोणीतरी पुन्हा उघडली. टर्नर म्हणतात, मिस्त्रींनीच. बघू."

त्यांनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं.

"पत्त्या. टर्नरने जॅम झालेलं इंजिन उघडलं तेव्हा प्रत्येक कान एकदा सरळ झाला. दोन पत्त्यांवर एकच रेघ आहे, ते बरोबर. मधलीवर दोन. म्हणजे ती एकदा मुडपली, उघडली आणि तीच पुन्हा मुडपली. या भिंतीवर ते वाक्य लिहिणारा माणूस असं करील?"

"घाईत केलं असेल," टर्नर म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"बरं. दुसरं चित्र. पॅकिंग. मिस्त्री प्रत्येक पॅकिंगवर लिहीत. हात हलत होता म्हणून चेंबरच्या पॅकिंगवर लिहिलं नाही, असं मला सांगितलं गेलं. पण वॉटर पंपाच्या पॅकिंगवर त्याच हलत्या हाताने लिहिलंय, तेही विनोद. कोरं पॅकिंग मिस्त्रींचं नव्हे. रविवारी मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, हे भागीदारांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर कोणीतरी चेंबर उतरवलं, तेव्हा मूळ पॅकिंग फाटलं, आणि त्याने नवीन कापून घातलं. तोवर मिस्त्री हॉस्पिटलात होते, किंवा या जगात नव्हते."

मुलीने श्वास सोडला. इतका वेळ तो धरला होता, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

"आता कोण. डॉक्टरांना पॅकिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि हे मुरलेल्या हाताने कापलंय. टर्नरचा हात मुरलेला आहे, बोटंही निळी आहेत, त्यामुळे आमच्या मास्तरांनी त्यांना केव्हाच फासावर दिलं." मास्तरांनी कान चोळला. "पण खूण विरुद्ध बाजूला असते हे सगळ्यांत पक्कं टर्नरनाच ठाऊक होतं. त्यांनीच त्या कॅपा बोअर केल्या. त्यांच्या हाताला जुन्या जातीची सवय नाही. हे टर्नर स्वतःच म्हणाले: ज्याच्या हाताला ती सवय आहे, त्याचाच हात चुकेल. जुनी इंजिनं जन्मभर बांधणारे हात या गावात चार होते. दोन हॉस्पिटलात होते."

डॉक्टरांनी मान वळवून भागीदारांकडे पाहिलं.

"पॅकिंगवरचा डाग निळा आहे. चेंबर उघडणाऱ्याने मधल्या बेअरिंगला निळा रंग लावून पाहिला. ज्याला इंजिन बिघडवायचंय तो बेअरिंग नीट बसलंय का हे कशाला बघेल? तो काळजीने उघडणारा माणूस होता. आणि शुक्रवारी दुपारी, ही मुलगी फोन करते, वीस मिनिटांत एक माणूस हॉस्पिटलच्या दारात येऊन उभा राहतो. बोटं निळी. तो म्हणतो, त्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही."

भागीदार खाली बसले. स्टूल नव्हतं, ते गाडीच्या पायरीवर बसले.

"काका?" मुलगी म्हणाली.



"मागे एका गाडीचं ऑइल सोडायचं बूच तो आवळायला विसरला होता," भागीदार फरशीशी बोलल्यासारखं बोलले. "मी गुपचूप आवळलं. त्याला कळू दिलं नाही. मग हे इंजिन. गुरुवारी भेटायला गेलो तर मला म्हणाला, 'तू बघितलंस का रे उघडून?' मी म्हटलं, तुझं काम मी काय बघायचंय! तो हाताकडे बघत राहिला आपल्या. रात्रभर मला ते दिसत होतं. शुक्रवारी आलो आणि उघडलं. म्हटलं, चूक असली तर आजच काढून टाकू, त्याच्या कानावर जायला नको."

"आणि?"

"चूक नव्हती." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "निळं असं उमटलं होतं, सगळीकडे सारखं. तरुणपणी त्याचं उमटायचं नाही असं. मी कॅप हातात घेऊन बघत बसलो होतो आणि तुझा फोन आला, बाळ. तू म्हणालीस, काका, बाबा गेले. मग हातांनी काय केलं मला ठाऊक नाही. कॅप लावली, पत्ती मुडपली. पॅकिंग नंतर, दोन दिवसांनी कापलं. क्रँक फिरवून बघावं, एवढंही सुचलं नाही."

"इंजिन जॅम झालं तेव्हा तुम्हाला कळलं," बाई म्हणाल्या.

"हँडल जड लागलं तेव्हाच शंका आली. नवीन आहे म्हणून रेटून नेलं." ते मुलीकडे बघू शकले नाहीत. "बाई येईपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो ग. हात थरथरायचा म्हणालो, तेवढं खरं होतं. तेवढंच बोलत राहिलो. खरं सांगायचं तर काय सांगायचं? तो तिकडे शेवटचा श्वास घेत होता आणि मी इकडे त्याची चूक शोधत बसलो होतो?"

डॉक्टरांनी खिशातून पत्र काढलं, घडीवर घडी घातली आणि परत खिशात ठेवलं. "हे छापलं जाणार नाही," ते हळूच म्हणाले. "दुसरं लिहीन."

मुलगी अजून स्टुलावरच होती. तिचा चेहरा वाचता येत नव्हता.

"जुनं पॅकिंग कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "ते टाकून देणारे तुम्ही नव्हेत."

भागीदारांनी गळ्यातल्या दोऱ्यातली किल्ली काढली. खणात मिस्त्रींचा चष्मा होता, एक बोथट पेन्सिल होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तेलाने काळवंडलेलं, दोन तुकडे झालेलं पॅकिंग.

"वाचलंत?"

"अक्षर दिसलं आणि घडी घातली. धीर झाला नाही. आणि चष्मा नव्हता तेव्हा डोळ्यावर."

मुलगी उठली. दोन्ही तुकडे तिने टेबलावर जुळवले आणि उन्हाच्या पट्ट्यात सरकवले. लांबट काठावर दोन ओळी होत्या, हललेल्या, पण एकही अक्षर गाळलेलं नव्हतं. तिने आधी मनात वाचल्या. मग एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि मोठ्याने वाचल्या.

"*खारूने एका बोटाने फिरवला. गड्या, तू उघडशीलच, उघडच. मधल्या कॅपची खूण या इंजिनात उलटीकडे आहे. चष्मा लाव.*"

टर्नरने तोंड भिंतीकडे फिरवलं. मास्तरांनी काहीतरी काढायला पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली. भागीदार एवढंच म्हणाले, "त्याला माहीत होतं."

"हो," मुलगी म्हणाली. "त्यांना राग नव्हता, काका. तुम्ही बघावं म्हणूनच त्यांनी विचारलं होतं."  पुढचं वाक्य तिला जड गेलं, पण तिने ते म्हटलं. "मी पुरे करा म्हणाले. तुम्ही निदान उघडून तरी बघितलंत."

तिने खणातून चष्मा काढला, पदराने पुसला आणि भागीदारांच्या हातात दिला.

"क्रँक पुन्हा घासून होईल?" तिने टर्नरला विचारलं.

"एक हात मारला तर निघेल," टर्नर भिंतीशीच बोलला. "कॅपचं अस्तर नवीन ओतावं लागेल. आणि तिन्ही पुन्हा एका रेषेत बोअर."

"मग करा. काका, बांधा तुम्ही. पत्त्या नवीन घ्या." तिने पदर खोचला. "कॅपा आवळून झाल्या की मला हाक मारा. बोट मी लावेन."

भागीदारांनी मिस्त्रींचा चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांना तो थोडा सैल होता. ते टेबलावर वाकले आणि पॅकिंगवरच्या दोन ओळी, बोट ठेवून, सावकाश, पहिल्यापासून वाचू लागले.